सासूची दुसरी साक्ष

लाँड्रीत तिला सगळे मावशी म्हणत. मालक तिच्याहून दोनच वर्षांनी लहान, पण तोही मावशीच म्हणे. व्हॅनचा ड्रायव्हर तर तिला घाबरून मावशी म्हणे. तिच्याकडे डागांचं टेबल होतं. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे कोट, लोकांचे ठेवणीतले कपडे, जे काही आत येई ते आधी तिच्या हाताखालून जाई. ती कापड खिडकीच्या उजेडात धरी, नखानं जरासं खरवडी, वास घेई आणि सांगे, हा चहा, ही शाई, हा गंज. छत्तीस वर्षांत ती क्वचितच चुकली होती, आणि चुकली तेव्हा दोन दिवस कुणाशी बोलली नव्हती.

अशी ही काटेकोर बाई चार वर्षांपूर्वी कोर्टात उभी राहून धडधडीत खोटं बोलली होती.

खून तिच्या धाकट्या मुलाचा झाला होता. त्याच्या बायकोनं जड इस्त्री त्याच्या डोक्यात घातली होती, तीही तो पाठमोरा असताना. तिथेच सगळं बिघडलं. समोरून घातली असती तर गोष्ट वेगळी होती, असं तेव्हा सगळेच म्हणाले. सरकारी वकिलानं मावशीला विचारलं होतं, "तुमचा मुलगा सुनेला मारायचा का?"

मावशीनं मान वर न करता सांगितलं, "माझ्या लेकानं कधी हात उचलला नाही. देवमाणूस होता."

सुनेचं कुणी ऐकलं नाही. तिला जन्मठेप झाली.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं मावशीनं स्वतःला समजावलं होतं. पोटचा गोळा मातीत गेला, त्याचं नाव तरी धड राहू दे. शिवाय आणखी एक गोष्ट होती, जी ती कुणापाशी बोलली नव्हती. तो तसा होता असं कबूल केलं, तर त्याला तसा होऊ कुणी दिला, हा प्रश्न सरळ तिच्याच उंबऱ्याशी येऊन बसणार होता.

धाकट्याची मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. आता अकराची झाली. अंगानं गुबगुबीत आणि स्वभावानं हट्टी, म्हणून तिला सगळे ठमी म्हणत. आजी आणि नात दोघी थोरल्या मुलाच्या घरी राहत. ठमीला नव्या शाळेत घालायचं ठरलं आणि शाळेनं फॉर्म परत पाठवला. आई हयात असेल तर आईचीच सही लागते, असं कारकुनानं पेन्सिलीनं लिहून दिलं होतं.

"मी त्या बाईचं तोंड बघणार नाही," थोरला म्हणाला.

"मग मी जाते," मावशी म्हणाली. चार वर्षांत ती तुरुंगाच्या रस्त्यानंसुद्धा गेली नव्हती.

*

तुरुंगात भेटायला येणाऱ्यांची रांग होती. मनगटावर शिक्का मारून घ्यायचा, पिशवी उघडून दाखवायची, चपला काढून झटकायच्या. मावशीनं वाटेत सगळी उत्तरं तयार केली होती. सून शिव्या देईल, रडेल, नाहीतर तोंड फिरवेल. तिन्हीला काय म्हणायचं ते तिनं घोकून ठेवलं होतं.

जाळीपलीकडे सून येऊन बसली. केस कापलेले, गालफडं वर आलेली, बोटांना शिवणकामाच्या सुईची टोचणी. तिनं मावशीकडे पाहिलं. मग म्हणाली, "आई, गुडघे कसे आहेत?"

या प्रश्नाचं उत्तर काही मावशीनं घोकलं नव्हतं.

"आहेत," ती म्हणाली. "ठमीच्या शाळेचा कागद आहे. सही पाहिजे."

सुनेनं कागद पूर्ण वाचला, मग सही केली. "ती अजून दिवा लावूनच झोपते का?"

"हो."

"बंद करू नका. तिला म्हणावं, लाव खुशाल." ती उठली, मग परत बसली. "माझं अपील लागलंय. एक वकीलबाई आहेत, फी घेत नाहीत. हे तुम्हाला फक्त कानावर असावं म्हणून सांगतेय. मी तुमच्याकडे काही मागत नाही. मागून काय मिळतं ते मला कळलंय."

एवढं बोलून ती आत गेली.

मावशी बाहेरच्या बाकावर मनगटावरचा शिक्का पुसत बसली. शेजारी एक पहारेकरीण डबा उघडून जेवत होती. आडव्या बांध्याची, मोकळ्या तोंडाची बाई. तिला काही ही म्हातारी कोण ते माहीत नव्हतं.

"कोण आहे तुमची आत?" तिनं विचारलं.

"नातेवाईक," मावशी म्हणाली.

"नवऱ्याचं प्रकरण?"

मावशीनं मान डोलावली.

"मग ओळखते मी. आमच्या बराकीत एकवीस बायका आहेत. त्यातल्या नऊ जणी नवऱ्याच्या खुनासाठी. डॉक्टरीण तपासायला येते तेव्हा कागद मीच लावते ना. नऊच्या नऊ जणींची कुठली ना कुठली हाडं आधी मोडून जुळलेली. ती मघाशी तुमच्या शेजारच्या जाळीला बसली होती ना, उंच? आम्ही तिला लांबी म्हणतो. तिचा डावा डोळा गेलाय. नवऱ्यानं चमचा तापवून…" पहारेकरणीनं घास खाली ठेवला. "जाऊ दे. जेवताना नको."

"मग कोर्टात यांच्या बाजूनं कुणी बोललं नाही?"

"बोलायला आले की! सासवा आल्या, नणंदा आल्या. आणि काय सांगू तुम्हाला," तिनं डब्याचं झाकण लावलं, "सगळ्यांचे लेक देवमाणूस. त्या बराकीत मला एकसुद्धा साध्या माणसाची बायको सापडली नाही."

मावशीनं पदरानं कपाळ पुसलं. पहारेकरणीला वाटलं, म्हातारीला ऊन लागलं. तिनं आपल्या बाटलीतलं पाणी पुढे केलं. मावशीनं ते घेतलं नाही.

"त्या वकीलबाईचा पत्ता आहे का तुमच्याकडे?" तिनं विचारलं.

*

वकीलबाईचं ऑफिस किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर होतं. जिना इतका अरुंद की वर जाणाऱ्यानं खाली येणाऱ्याला आधी हाक मारावी. आत दोन खुर्च्या, त्यातल्या एकीचा पाय मोडका. वकीलबाई तिशीची, चष्म्याची काडी चिकटपट्टीनं जोडलेली. मावशीनं आपण कोण ते सांगितलं, तशी तिनं हातातलं पेन खाली ठेवलं.

"तुम्ही? तुमची साक्ष मला पाठ आहे. 'देवमाणूस होता.' निकालात तो शब्द चार वेळा आलाय."

"तो खोटा आहे."

 खालून किल्ली घासल्याचा आवाज येत होता. वकीलबाईनं उठून मोडकी खुर्ची बाजूला सारली आणि आपली धड खुर्ची मावशीला दिली.

मावशी तासभर बोलली. घराच्या दोन खोल्यांमध्ये एकच पातळ भिंत होती. पलीकडे धाकटा, सून आणि ठमी. अलीकडे मावशी. पलीकडे सुरू झालं की मावशी मोरीतला नळ सोडी आणि खाली रिकामी बादली ठेवी. पत्र्याच्या बादलीत पाणी पडलं की दुसरं काही ऐकू येत नाही. बादली भरली की ओतून पुन्हा लावी. अकरा वर्षं तिनं असंच केलं. सकाळी सून कपडे आणून देई, आणि मावशी ते लाँड्रीत नेऊन डाग काढून आणी. दोघींमध्ये त्याबद्दल एक अक्षर कधी झालं नाही.

"तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना," मावशी म्हणाली, "त्यात बुक्क्या त्याच्या होत्या. तोंड दाबणारा हात माझा होता."

वकीलबाईनं फाइल काढली. त्यात जप्त केलेल्या कपड्यांचे फोटो होते. सुनेनं त्या दिवशी घातलेला निळा ड्रेस, पुढून आणि मागून. "यावरचं सगळं रक्त नवऱ्याचं, असं पोलिसांनी लिहिलं. कुणी हरकत घेतली नाही."

मावशीनं फोटो खिडकीपाशी नेला. सवयीनं नखसुद्धा लावलं. बराच वेळ ती मागच्या बाजूचा फोटो बघत होती.

"हे छातीवरचं ताजं आहे. पण कॉलरच्या मागचा हा डाग बघा. त्याच्याभोवती फिकट कडं आहे. धुतल्याशिवाय असं कडं येत नाही. हा जुना डाग आहे, आणि धुतलाय मी. आदल्या मंगळवारी. त्यानं तिचं डोकं कपाटाच्या कोपऱ्यावर आपटलं होतं, तो कोपराही सकाळी मीच पुसला. रक्त मानेवरून आत उतरलं होतं."

"धुतलंत तर मग उरलंय कुठे?"

"रक्ताला गार पाणी आणि मीठ लागतं. मी लावलं. वरचं निघतं. पण कॉलरच्या शिवणीत दुहेरी कापड असतं, तिथलं कधीच सगळं निघत नाही. गिऱ्हाइकाला कळत नाही, पण आम्हाला माहीत असतं. ती शिवण उसवायला सांगा कुणाला तरी."

वकीलबाईनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मावशी, तुम्ही हे कोर्टात सांगितलंत तर पहिली साक्ष खोटी ठरेल. खोट्या साक्षीबद्दल तुमच्यावर खटला होऊ शकतो. तुरुंगसुद्धा."

"कोणता तुरुंग?"

"म्हणजे?"

"तिथलाच ना? बायकांचा? मग सुनेच्या शेजारची गादी द्या म्हणावं. तिथे गाद्या कशा असतात, ते तेवढं विचारून ठेवा. माझे गुडघे दुखतात."

वकीलबाई हसली नाही, पण तिनं कोरा कागद ओढला आणि तारीख घातली.

*

घरी ही बातमी मावशीनं स्वतःच सांगितली, जेवणं झाल्यावर, ठमीला मैत्रिणीकडे पाठवून. थोरला हातातला टॉवेल तसाच धरून उभा राहिला. त्याची बायको भांडी आवरता आवरता थांबली.

"आई, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? तो मेलाय. मेलेल्या माणसाला चव्हाट्यावर आणणार तू?"

"त्याला काय होणार आता? जिवंत आहे ती आत आहे."

"लोक काय म्हणतील? माझं दुकान आहे, माझी पोरं आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, तूच शिकवलंस आम्हाला."

"शिकवलं," मावशी म्हणाली. "पण मूठ झाकलेली कुठे होती रे? ती रोज तिच्या पाठीत बसत होती."

थोरल्यानं आवाज चढवला. बाप तरी कुठे वेगळा होता, तो म्हणाला, तू सोसलंस, तू कुणाच्या डोक्यात इस्त्री घातलीस का? हे बोलून गेल्यावर तोच घाबरला. बापाबद्दल या घरात कधीच कुणी बोललं नव्हतं.

मावशीनं त्याच्याकडे नीट बघितलं. बाप मारायचा तेव्हा हा बारा वर्षांचा होता आणि कपाटामागे लपत असे. धाकटा लपत नसे. तो बघत असे.

"नाही घातली," ती म्हणाली. "घातली असती तर तुम्ही दोघं वेगळे झाला असता की काय, कोण जाणे. मला माहीत नाही. पण मी सोसलं म्हणून तिनंही सोसावं, हा कुठला न्याय? मी सोसलं त्यात मला काय मिळालं? दोन लेक मिळाले, एक मारणारा आणि एक कानावर हात ठेवणारा."

"कोर्टात गेलीस तर या घरात परत येऊ नकोस."

"बरं."

त्याला बहुतेक ती रडेल असं वाटलं होतं. तिनं पिशवीत चार कपडे भरले, ठमीचं दप्तर घेतलं आणि ठमीला मैत्रिणीकडून घ्यायला निघाली. थोरली सून जिन्यापर्यंत मागे आली. तिनं ठमीचा दिवा, वायर गुंडाळून, मावशीच्या पिशवीत वरून ठेवला, आणि घाईघाईनं आत गेली.

लाँड्रीच्या मालकानं सगळं ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं. "मागची खोली रिकामी आहे, पण बॉयलरला लागून आहे बरं का. थंडीत स्वर्ग, आणि उन्हाळ्यात स्वर्गाच्या विरुद्ध बाजूचं ठिकाण."

"उन्हाळ्यापर्यंत मी आत असेन कदाचित," मावशी म्हणाली.

"मग डागांचं टेबल कोण बघणार?" मालकानं विचारलं. त्याला खरोखरच ती काळजी होती.

*

वरच्या कोर्टानं मावशीची साक्ष पुन्हा घ्यायला परवानगी दिली आणि ड्रेस तपासणीला पाठवला. तारखेच्या दिवशी ठमी हट्ट धरून बसली की मीही येते, मीही सांगते. तिनं सगळं पाहिलं होतं. पहिल्या खटल्यात 'पोर झोपली होती' असं थोरल्यानं परस्पर सांगितलं होतं आणि मावशीनं मान डोलावली होती.

"तू शाळेत जायचं," मावशी म्हणाली. "जे मोठ्यांनी लपवलं ते मोठ्यांनीच सांगायचं. तुझ्यावर ते ओझं नाही."

"पण तू घाबरलीस तर?"

"घाबरेन की. पण घाबरलं म्हणून जीभ गळून पडत नाही."

कोर्टात दोन न्यायमूर्ती होते, एक पुरुष आणि एक बाई. सून मागच्या बाजूला दोन शिपायांच्या मध्ये बसली होती. थोरला आला होता. शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून तो बसला होता. वकीलबाईनं विचारलं आणि मावशीनं सगळं सांगितलं, नळ, बादली, मंगळवार, कॉलर. मग सरकारी वकील उठला. उंचापुरा, गोड आवाजाचा माणूस.

"मावशी," तो म्हणाला, "तुम्ही शपथेवर म्हणालात, मुलानं कधी हात उचलला नाही. आज शपथेवर म्हणता, अकरा वर्षं मारलं. मग खोटं कधी बोललात? तेव्हा की आता?"

"तेव्हा."

"आणि आता खरं बोलताय, हे आम्ही कशावरून मानायचं?"

"तेव्हा खोटं बोलले, तर घर मिळालं, मुलगा मिळाला, लोकांनी डोळे पुसले. आज खरं बोलतेय, तर घर गेलं, मुलगा तिथे मागे बसलाय तो बोलत नाही, आणि तुम्ही मला आत टाकायला बघताय. आता तुम्हीच सांगा साहेब, कोणता सौदा माणूस खोट्यासाठी करेल?"

बाई न्यायमूर्तींनी काहीतरी लिहून घेतलं. सरकारी वकील मुरलेला होता.

"ठीक. मारायचा असं धरू. पण त्या संध्याकाळी तो तिला मारत नव्हता. तो तिच्याकडे पाठ करून दाराकडे चालला होता. बरोबर? तुम्ही भिंतीपलीकडे होतात. तुम्ही तर नळ सोडून बसायचात. तुम्हाला काय ऐकू येणार?"

"त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं," मावशी म्हणाली.



"दुपारपासूनच नव्हतं. मी चावी फिरवली, नुसती हवा आली. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला सगळं ऐकू आलं. तो तिला मारून दमला होता. मग त्यानं पट्टा काढला. पट्ट्याचं बक्कल वाजतं, ते मला ओळखू येतं, त्याच्या बापाचंही वाजायचं. तो म्हणाला, 'ठमे, तू इकडे ये. आज तुलाही शिकवतो.' सून म्हणाली, तिला नको, मला मार. तीनदा म्हणाली. तो म्हणाला, 'थांब, कडी लावू दे आधी.' तो कडी लावायला वळला, साहेब. म्हणून पाठमोरा होता. दार उघडून बाहेर जायला निघालेला माणूस नव्हता तो. आत पोरगी होती, आणि त्याला दार लावून घ्यायचं होतं."

"आणि हे सगळं ऐकत असताना तुम्ही काय केलंत?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"हातात बादली धरून उभी होते. रिकामी." मावशीचा आवाज पहिल्यांदाच फाटला, पण ती थांबली नाही. "तुम्ही मला लाज वाटावी म्हणून विचारताय. वाटते. विचारा आणखी. पण मी उठून गेले असते तर तिला इस्त्री उचलावी लागली नसती, हेही लिहून घ्या. त्या घरात पोरीला वाचवायला दोन बायका होत्या. एकीनं वाचवलं, तिला तुम्ही आत टाकलंत. दुसरी तुमच्यासमोर उभी आहे."

सरकारी वकिलानं आणखी दोन प्रश्न विचारले, पण ते विचारायचे म्हणून. पुरुष न्यायमूर्तींनी मावशीला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"एक बोलू का साहेब? म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, असं म्हणतात. मी म्हातारी आहे, माझं काय करायचं ते करा. पण तिथे बराकीत आणखी आठ जणी आहेत. त्यांच्याही सासवांना एकदा नळाचं विचारा."

"तो विषय आज आमच्यासमोर नाही," न्यायमूर्ती म्हणाले.

"माहीत आहे. म्हणून तर बोलले. आणखी कुणासमोर बोलणार?"

वकीलबाईनं डोळ्यांनी खूण केली, तेव्हा कुठे मावशी खाली उतरली. थोरला तोवर निघून गेला होता.

*

तपासणीचा अहवाल तीन आठवड्यांनी आला. कॉलरच्या शिवणीत जुनं रक्त होतं, आणि ते सुनेचं होतं. एका बाहीच्या शिवणीतही होतं. तो डाग मावशीला आठवतही नव्हता.

निकाल लागला तेव्हा वकीलबाईनं तो मावशीला लाँड्रीत येऊन वाचून दाखवला. यंत्रं चालू होती, त्यामुळे तिला ओरडून वाचावं लागलं. खुनाचा गुन्हा रद्द. स्वतःला आणि मुलीला वाचवताना मर्यादेबाहेर गेलेली कृती, असं कोर्टानं म्हटलं होतं. भोगली तेवढी शिक्षा पुरे. सुनेला सोडायचं. इस्त्री करणाऱ्या बायकांनी एकच गलका केला. मालकानं बॉयलर बंद करायचा हुकूम दिला, मग हॉटेलच्या चादरी आठवून परत चालू करायला लावला.

"आणखी एक आहे," वकीलबाई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "पहिल्या खोट्या साक्षीबद्दल तुमच्यावर कारवाई करायला सांगितलंय."

"म्हणजे मी तेव्हा खोटं बोलले, असं कोर्टानं लिहिलं?"

"हो."

"कागदावर?"

"हो, मावशी."

"मग बरोबरच आहे की," मावशी म्हणाली, आणि हातातली चादर पुन्हा उजेडाकडे धरली. पण तिला डाग दिसेना. डोळे पुसून तिनं ती पुन्हा धरली.

सुटकेच्या दिवशी तुरुंगाच्या फाटकाशी ठमी ताठ उभी राहिली. आई समोर आली तशी ती धावली वगैरे नाही. जवळ जाऊन आधी तिनं आपलं डोकं आईच्या कुठवर येतं ते हातानं मोजलं. खांद्यापर्यंत आलं होतं. मग मात्र तिनं आईला अशी मिठी मारली की शिपायानं दोघींना फाटकातून बाजूला व्हायला सांगितलं.

सून मावशीकडे आली.

"आई, तुम्ही नळ सोडायचात ते मला माहीत होतं," ती म्हणाली. "पाण्याचा आवाज आला की मला कळायचं, आता कुणी येणार नाही."

मावशीला वाटलं होतं, माफी मागावी. आता तो शब्द फारच तोकडा वाटला.

"माफ कर असं म्हणत नाही," ती म्हणाली.

"म्हणू नका." सुनेनं ठमीचा हात धरला. "मी तुमच्याजवळ राहणार नाही. मला जमणार नाही. ठमी रविवारी येईल. तिला आजी पाहिजे असते."

"चालेल."

"आणि लांबीचं अपील लागतंय. वकीलबाईंना तिच्या सासूचा पत्ता मिळालाय. दोनदा जाऊन आल्या, ती दार उघडत नाही."

"कुठे राहते?"

सुनेनं सांगितलं.

मावशीच्या स्वतःच्या खटल्याची पहिली तारीख पुढच्या महिन्यात होती. मधला एक सुट्टीचा दिवस धरून ती त्या पत्त्यावर गेली. तिसरा मजला, हिरवं दार, बाहेर धुतलेलं पायपुसणं वाळत टाकलेलं. कडी वाजवल्यावर दार चार बोटं उघडलं. आत मावशीच्याच वयाची एक बाई, साखळी लावलेली.

"कोण?"

"तुमच्यासारखीच. माझाही लेक देवमाणूस होता."

बाईचा चेहरा पांढरा पडला. "मला काही बोलायचं नाही. जा तुम्ही."

"बोलू नका. मी बोलते, तुम्ही ऐका."

दार धाडकन बंद झालं. मावशीनं पायपुसणं बाजूला सरकवलं, गुडघ्यांवर हात दाबत उंबऱ्याशी बैठक मारली आणि दाराला पाठ टेकून बोलायला सुरुवात केली. आवाज तिनं मुद्दाम मोठा ठेवला, नाहीतरी लाँड्रीतल्या माणसाला हळू बोलायची सवय नसतेच. शेजारचं दार उघडलं, बंद झालं. खालच्या मजल्यावरचा एकजण वर डोकावून गेला. मावशी सांगत राहिली. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. मध्ये जिन्यावर पावलं वाजली. ठमीकडून कळलं तशी सून नुकत्याच लागलेल्या शिवणाच्या कारखान्यातून सुट्टी काढून आली होती. तिनं सासूकडे पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं आणि तीन पायऱ्या खाली जाऊन बसली.

मग आतून, अगदी दाराला चिकटून, आवाज आला.

"अजून गेली नाहीस?"

"नाही," मावशी म्हणाली. "आणि उद्याही यायची आहे."